इन्स्टाग्रामचे टीन अकाउंट: पहारा चोख आहे, बोलायला शिकवणे मात्र घराकडेच राहते

इन्स्टाग्रामने १३ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी आणलेले टीन अकाउंट भारतात ११ फेब्रुवारी २०२५ पासून लागू होऊ लागले. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात ते त्याआधीच, सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाले होते. माझी मुलगी नववीत आहे आणि मी लालबाग परिसरातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला मराठी शिकवते, त्यामुळे ही सुविधा मी घरी आई म्हणून वापरते आणि ती वापरणारी मुले वर्गात शिक्षिका म्हणून रोज पाहते. पालकसभेत टीन अकाउंटचा विषय निघतो तेव्हा चर्चा होते ती अनोळखी माणसांची, नको त्या चित्रांची आणि रात्रीच्या जागरणाची. त्या चिंता खऱ्या आहेत. पण मुलांचे समोरासमोर बोलणे, दुसऱ्याचे ऐकून घेणे, चेहऱ्यावरून मन ओळखणे आणि बिनसले तर ते बोलून मिटवणे यावर या सुविधेचा काय परिणाम होतो, हे कोणी फारसे विचारत नाही. हे परीक्षण मुख्यतः त्याच कसोटीवर केले आहे.

आधी या अकाउंटमध्ये काय मिळते ते सांगते. मुलाने नोंदवलेली जन्मतारीख १८ वर्षांच्या आतली असेल तर अकाउंट आपोआप खासगी होते, म्हणजे त्याने परवानगी दिल्याशिवाय कोणालाही त्याचे फोटो दिसत नाहीत. तो ज्यांना फॉलो करतो किंवा ज्यांच्याशी आधीच जोडलेला आहे, तेच त्याला थेट मेसेज पाठवू शकतात. टॅग आणि मेन्शन, म्हणजे दुसऱ्याच्या फोटोत किंवा मजकुरात त्याचे नाव जोडणे, यांनाही तशीच मर्यादा आहे. हिंसक किंवा अंगप्रदर्शन करणारा मजकूर कडक पातळीवर गाळला जातो, अपशब्द लपवणारी चाळणी सुरू असते, दिवसाला ६० मिनिटे झाली की ॲप बंद करण्याची आठवण येते आणि रात्री १० ते सकाळी ७ या वेळेत 'स्लीप मोड'मुळे नोटिफिकेशन बंद राहून येणाऱ्या मेसेजला आपोआप उत्तर जाते. सोळा वर्षांखालील मुलाला यातले काहीही सैल करायचे असेल तर पालकांची संमती लागते. एप्रिल २०२५ मध्ये यात भर पडली आणि सोळाखालील मुलांचे लाइव्ह प्रक्षेपणही पालकांच्या परवानगीवर ठेवले गेले.

पालकांसाठीची देखरेख ही यातली वेगळी पायरी आहे आणि ती आपोआप सुरू होत नाही. त्यासाठी पालकाचे स्वतःचे इन्स्टाग्राम अकाउंट असावे लागते, त्यावरून मुलाला निमंत्रण पाठवावे लागते आणि मुलाने ते स्वीकारावे लागते. आमच्या शाळेतील कित्येक पालकांचे घोडे इथेच अडते, कारण त्यांच्या फोनमध्ये व्हॉट्सॲप आणि यूट्यूब सोडून तिसरे काही नसते आणि अकाउंट कसे उघडायचे हे त्यांना मुलालाच विचारावे लागते. तरीही मुलाने निमंत्रण स्वीकारण्याची अट मला या साऱ्या रचनेतली सर्वांत चांगली गोष्ट वाटते. ती असल्यामुळे पालकाला मुलापासून लपवून काही करता येत नाही आणि सुरुवातच एका संभाषणाने होते.

आमच्या घरी ते संभाषण स्वयंपाकघराच्या ओट्याशी झाले. मुलगी म्हणाली, "आई, म्हणजे तुला माझे मेसेज दिसणार?" मी सांगितले, "मेसेज नाही दिसणार. गेल्या सात दिवसांत कोणाशी बोललीस त्यांची नावं दिसतील." त्यावर तिने लगेच विचारले, "मग नावं बघून तू एकेक विचारत बसणार ना?" मी म्हणाले, "विचारीन. पण बाबांसमोर नाही आणि पाहुण्यांसमोर तर नाहीच." तिने थोडा वेळ फोन हातात फिरवला आणि निमंत्रण स्वीकारले. रोज किती वेळ, कोणत्या तासांत ॲप पूर्ण बंद आणि परीक्षेच्या दिवसांत काय, हे त्याच बैठकीत ठरले. वयात आलेल्या मुलीशी इतका वेळ एकाच विषयावर, आवाज न चढवता बोलणे हे कोणत्याही घरात सोपे नसते, आणि त्याला निमित्त या सुविधेने दिले याचे श्रेय तिला द्यायलाच हवे.

सात दिवसांच्या यादीविषयी जरा विस्ताराने लिहिते, कारण मुलांशी असलेला आपला संवाद सुधारेल की बिघडेल हे बरेचसे त्या एका पानावर ठरते. तिथे माणसांची खरी नावे क्वचितच दिसतात. दिसतात ती मुलांनी घेतलेली नावे: टोपणनाव, त्याला चिकटलेले आकडे, मधे दोन अधोरेखा आणि चेहऱ्याच्या जागी एखादा क्रिकेटपटू किंवा ॲनिमेतले पात्र. अशी यादी पाहून पालक घाबरतो, आणि घाबरलेल्या पालकाचा पहिला प्रश्न बहुधा "हा कोण?" असा असतो. त्या प्रश्नात आरोप असतो आणि मुलांना तो ताबडतोब ऐकू येतो. त्यापेक्षा "तुझ्या वर्गातल्यांपैकी यात कोण कोण आहे, मला ओळख करून दे" असे म्हटले की मूल स्वतःहून सांगू लागते. माझ्या मुलीने ओळख करून देताना एका मैत्रिणीचा विषय काढला, जिच्याशी ती शाळेत बोलत नव्हती पण इथे रोज रील, म्हणजे छोटे व्हिडिओ, पाठवत होती. का, असे मी विचारले. "समोर काय बोलायचं ते सुचत नाही, रील पाठवली की तिला कळतं मी रागावले नाहीये," असे ती म्हणाली.

हे एक वाक्य ऐकल्यापासून टीन अकाउंटकडे पाहण्याची माझी दृष्टी स्थिर झाली आहे. रील पाठवणे हाही संपर्कच आहे आणि त्यात माया असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. आम्स्टरडॅम विद्यापीठातील पॅटी वाल्केनबर्ग आणि योखेन पेटर या संशोधकांनी २००९ मध्ये मांडले होते की किशोरवयीन मुले आधीच ओळखीच्या मित्रांशी ऑनलाइन बोलतात तेव्हा त्यांची मैत्री घट्ट होण्यास मदत होते. लाजऱ्या मुलांना तर लिहून बोलण्याचा आधार वाटतो. माझ्या वर्गातली जी मुलगी तास संपेपर्यंत तोंड उघडत नाही, ती वर्गाच्या ग्रुपवर सर्वांत मुद्देसूद लिहिते. टीन अकाउंट संपर्क ओळखीच्या वर्तुळात ठेवते आणि या संशोधनाशी ते सुसंगत आहे. पण ओळखीच्या वर्तुळातही जे अवघड बोलणे असते, म्हणजे माफी मागणे, नाराजी सांगणे, नकार देणे, ते करण्याचा सराव रील पाठवून होत नाही. इमारतीचा वॉचमन परक्या माणसाला वहीत नाव लिहायला लावतो, पण चौथ्या मजल्यावरच्या दोन घरांतला अबोला मिटवणे त्याच्या हातात नसते. टीन अकाउंटचे काम त्या वॉचमनचे आहे आणि ते काम ते चोख करते.

भांडणे कशी होतात हे पालकांनी समजून घेतले पाहिजे. इन्स्टाग्रामवर २०१८ पासून 'क्लोज फ्रेंड्स' नावाची सोय आहे, ज्यात निवडक लोकांनाच दिसेल अशी स्टोरी टाकता येते. आठवी-नववीच्या मुलींमध्ये बिनसले की एकमेकींना या यादीतून काढले जाते. काढल्याचा निरोप कोणालाही जात नाही. मधल्या सुट्टीत बाकीच्या जणी स्टोरीविषयी हसत बोलतात तेव्हा जिला ती दिसलेली नसते तिला कळते की आपण आता आत नाही. काय चुकले हे कोणी सांगत नाही आणि तीही विचारत नाही. वर्गात अशी मुलगी डबा घेऊन दुसऱ्या बाकावर जाऊन बसते तेव्हा शिक्षिकेला दिसते ते एवढेच. या प्रकारात एकही अपशब्द नाही, अनोळखी माणूस नाही, रात्रीची वेळ नाही. त्यामुळे टीन अकाउंटच्या कोणत्याही नियमात तो बसत नाही आणि पालकांच्या पानावर त्याची खूणही उमटत नाही.

अपशब्दांच्या चाळणीबाबत मराठी पालकांनी एक गोष्ट अवश्य करावी. या सुविधेत स्वतःचे शब्द आणि इमोजी जोडता येतात. आपली मुले मराठी लिहितात ती बहुतांशी रोमन लिपीत, एकाच शब्दाची तीन-चार स्पेलिंगे करून. मुलाला वर्गात ज्या नावाने चिडवतात ते नाव, त्याच्या रंगावरून, जाडीवरून किंवा आडनावावरून होणारा शेरा, हे सारे देवनागरीत आणि रोमन लिपीच्या सगळ्या रूपांत त्या यादीत घालावे. मुलाला शेजारी बसवूनच ते करावे लागते, कारण कोणता शब्द लागतो हे त्यालाच माहीत असते. आमच्या शाळेतल्या एका मुलाने आपल्या आईला असा शब्द पहिल्यांदा या यादीसाठी सांगितला. तोवर ती समजत होती की ते त्याचे लाडाचे टोपणनाव आहे.

रात्रीच्या स्लीप मोडविषयी मला फारशी तक्रार नाही. येणाऱ्या मेसेजला आपोआप उत्तर जात असल्यामुळे "तू उत्तर का दिलं नाहीस" हा रुसवा कमी होतो, आणि मुलाला मित्रासमोर आईवडिलांचे नाव पुढे करावे लागत नाही. पहिल्या तासाला जांभया देणाऱ्या मुलांशी संवाद साधणे किती कठीण असते हे कोणत्याही शिक्षकाला विचारावे. मात्र स्लीप मोड नोटिफिकेशन थांबवतो, ॲपला कुलूप लावत नाही. ६० मिनिटांची आठवणही बोटाच्या एका स्पर्शाने बाजूला सारता येते. ठरलेल्या वेळेनंतर ॲप खरोखर बंद व्हावे असे वाटत असेल तर देखरेख सुरू करून पालकांनीच मर्यादा आखावी लागते. हा फरक बऱ्याच घरांत माहीत नसतो आणि टीन अकाउंट आहे म्हणजे झाले, अशी समजूत करून घेतली जाते.

आता माझ्या विषयाच्या गाभ्याकडे येते. २०२५-२६ या शालेय वर्षात नववी-दहावीत असलेली मुले मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तिसरी-चौथीत होती. मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग १५ डिसेंबर २०२१ रोजी उघडले तोवर ती पाचवी-सहावीत पोहोचली होती. मधल्या सुट्टीतले रुसवेफुगवे, खेळातली वादावादी, बाईंकडे जाऊन दुसऱ्याची तक्रार करणे आणि मग त्याच्याच डब्यातले खाणे, हे सगळे ज्या वयात व्हायचे ते या मुलांचे बऱ्याच अंशी हुकले. नेमक्या त्याच काळात, जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैमध्ये इन्स्टाग्रामने भारतात रील सुरू केले. त्यामुळे या मुलांच्या बोलण्यातल्या अडचणींचे सारे खापर एका ॲपवर फोडणे मला प्रामाणिक वाटत नाही. पण जी पोकळी होती ती त्या ॲपने भरली, हेही तितकेच खरे.

दहावीला भाषा विषयात ८० गुण लेखी परीक्षेला आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाला असतात, ज्यात तोंडी परीक्षा येते. तोंडी घेताना मी पाहते की उतारा वाचणे मुलांना जमते, पाठ केलेले भाषणही जमते. अडते ते मी मधेच एखादा साधा प्रश्न विचारला की. मूल टेबलाकडे पाहते, उत्तर एका शब्दात देते आणि माझ्या चेहऱ्यावर पुढचा प्रश्न उमटला आहे हे त्याच्या लक्षात येत नाही. चेहरा वाचणे ही सरावाची गोष्ट आहे, याला संशोधनाचाही आधार आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेतील याल्डा उल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहावीची सुमारे ५० मुले पाच दिवस निसर्ग शिबिरात, फोन आणि टीव्हीशिवाय राहिली होती. परतल्यावर फोटोंतल्या आणि आवाज बंद केलेल्या चित्रफितींतल्या माणसांच्या भावना ओळखण्यात ती, नेहमीसारखा पडदा पाहणाऱ्या आपल्याच शाळेतल्या मुलांपेक्षा, अधिक सुधारलेली आढळली. अभ्यास लहान होता आणि शिबिरात फोन नव्हता त्याबरोबरच सतत माणसांचा सहवासही होता, त्यामुळे सुधारणा नेमकी कशाने झाली हे वेगळे काढता येत नाही. मला त्यातून आशा वाटते ती एवढ्यासाठी की अवघ्या पाच दिवसांतही फरक पडू शकतो.

म्हणूनच देखरेखीतली दैनंदिन मर्यादा लावल्यावर मोकळा होणारा वेळ कशात जातो, हा माझ्या मते या सुविधेबाबतचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर ॲपमध्ये नाही. मुलगी त्या वेळात दुसऱ्या ॲपवर गेली तर मर्यादेचा उपयोग शून्य. लालबाग-परळच्या गल्ल्यांत याचे एक जुने उत्तर आहे, ते म्हणजे गणेशोत्सवाची वर्गणी. हातात पावतीपुस्तक घेऊन परक्या दाराची बेल वाजवायची, मंडळाचे नाव सांगायचे, गेल्या वर्षीच्या स्पीकरच्या आवाजावर आजोबांची तक्रार उभ्याने ऐकून घ्यायची, "पुढच्या आठवड्यात ये" म्हणणाऱ्या काकूंकडे पुढच्या आठवड्यात खरोखर जायचे आणि नाही म्हणणाऱ्यालाही "आरतीला या" म्हणून निघायचे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला याहून चांगली शाळा कोणती मिळणार? आता काही इमारतींत क्यूआर कोड ग्रुपवर टाकला की वर्गणी जमते. हिशेबाला ते सोयीचे आहे, पण मंडळांच्या कार्यकर्त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की क्यूआर कोड हवा तर पावतीपुस्तकावर चिकटवा, पण मुलांना दारोदार पाठवणे थांबवू नका. माझ्या मुलीला यंदा मी तिच्या चुलतभावासोबत पाठवले. पहिल्या मजल्यावर सगळे बोलणे त्याने केले, आणि तिसऱ्या मजल्यावर ती बोलत होती व तो पावती लिहीत होता.

वयाच्या बाबतीत या सुविधेची भिस्त मुख्यतः मुलाने सांगितलेल्या जन्मतारखेवर आहे. नंतर कोणी ती बदलून अठरावरची करू पाहिले तर व्हिडिओ सेल्फी किंवा ओळखपत्र मागितले जाते, पण सुरुवातीलाच खोटी तारीख घातली असेल तर मूल मोठ्यांच्या अकाउंटवरच राहू शकते. त्यामुळे पालकांनी सगळ्यात आधी मुलाच्या अकाउंटवरची जन्मतारीख पाहावी. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळाखालील मुलांची अकाउंट ठेवण्यास समाजमाध्यमांना मनाई केली आहे. आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ अठरा वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानतो आणि त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती मागतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. पूर्ण बंदीच्या बाजूने मी नाही. बंदी आली तर ज्या मुलांना लिहून बोलण्याचा आधार आहे त्यांचा तो जाईल, आणि ओट्याशी झाले तसे संभाषण करण्याचे निमित्तही जाईल.

पाचपैकी गुण द्यायचे तर सुरक्षिततेसाठी मी चार देईन, मुलांच्या आपसातल्या संवादासाठी दोन, आणि पालक व मुलांमधल्या बोलण्याला निमित्त पुरवण्यासाठी साडेतीन. तेरा ते पंधरा वयाच्या मुलाच्या हाती इन्स्टाग्राम आधीच आलेले असेल तर टीन अकाउंट आणि त्यासोबत देखरेखही आजच सुरू करावी. अजून आलेले नसेल, तर ही सुविधा आहे म्हणून ते देण्याची घाई करू नये.

सोळा वर्षे पूर्ण झाली की मुलाला यातली बहुतेक बंधने पालकांच्या संमतीशिवाय बदलता येतात, देखरेख सुरू असेल तरच विचारावे लागते. म्हणजे नववीत अकाउंट उघडणाऱ्या मुलाच्या पालकांना मिळणारा अवधी फार मोठा नाही. आमच्याकडे तो विषय निघाला तेव्हा मुलीने रात्रीचा स्लीप मोड पुढेही राहू द्यायला हरकत नाही, पण सात दिवसांची यादी बंद करावी असे सांगितले. स्लीप मोड राहणार हे ठरले आहे. यादीवर आमचे अजून एकमत झालेले नाही आणि दहावीची परीक्षा झाल्यावर पुन्हा बसून बोलायचे असे आम्ही दोघींनी मान्य केले आहे.